तोच हा गांधार? – संगणकातली व्हायोलिनं आणि एकमेकांचं ऐकणं



मागच्या वेळी आपण अस्सल आणि नक्कल या जोडीवर बोललो होतो. शेवटी एका बाईंनी उठून विचारलं, "सर, हे सगळं ठीक आहे, पण एखादी नक्कल समोर ठेवून बोला ना." मागणी रास्त होती. म्हणून आज आम्ही एक लॅपटॉप, दोन स्पीकर आणि एक तरुण असं तिन्ही सोबत घेऊन आलो आहोत. नाव सांगायचं नाही ही त्या तरुणाची अट आहे. सेलूकडचा आहे, लग्नसराईत बँजो पार्टीत की-बोर्ड वाजवतो आणि उरलेल्या दिवसांत खोलीचं दार लावून युरोपातलं तंतुवाद्यांचं संगीत संगणकावर उभं करतो. एकटाच.

त्याच्याबद्दल आधी एक कबुली द्यायला हवी. दीड वर्षापूर्वी त्याने आपलं पहिलं काम आम्हाला ऐकवलं. हायडनच्या एका चौकडीतला संथ भाग. आम्ही डोळे मिटून ऐकलं आणि संपल्यावर एवढंच म्हणालो, "छान आहे, पण मेलेलं आहे." तो "बरं सर" म्हणाला, चहा प्यायला आणि गेला. नंतर कळलं की घरी जाऊन त्याने ती फाइल पुसून टाकली आणि आठ महिने संगणकावरच्या त्या कामाला हात लावला नाही. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत "मेलेलं" असा शब्द लिहिला असता, तर समासात लाल शाईने "म्हणजे काय?" असं नक्की लिहिलं असतं. स्वतः बोलताना मात्र ती शाई वाळली होती. तर आज आमचीच उत्तरपत्रिका तपासायची आहे.

चौकडी म्हणजे काय, ते आधी सांगू. दोन व्हायोलिनं, एक व्हियोला आणि एक चेलो. व्हियोला म्हणजे व्हायोलिनचीच जरा मोठी, खर्जाकडची बहीण, आणि चेलो खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरून वाजवतात. चौघं अर्धवर्तुळात बसतात. समोर काठी हलवणारा कुणी नसतो. कोण कधी सुरू करणार, कोण कुठे थांबणार, हे सगळं नजरेने आणि कानाने ठरतं. मोठ्या सभागृहासाठी नव्हे, दिवाणखान्यासाठी लिहिलेलं हे संगीत. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. गावातलं चांगलं भजनी मंडळ आठवा. पखवाजवाला लय किंचित चढवतो, ती चढली हे टाळकऱ्यांना कुणी सांगत नाही, आणि तरी पुढच्या आवर्तनात पंधरा टाळ एकदम चढलेले असतात. "आता चढवू या" असं कुणाच्याही मनात शब्दाने आलेलं नसतं. चौकडीत हेच घडतं, फक्त चार जणांत आणि फार हळू आवाजात.

"पण परभणीचा आणि या संगीताचा काय संबंध?" असं कुणी म्हणेल. इथे साठीच्या पुढचे जे कुणी बसले आहेत, त्यांनी हे संगीत हजारो वेळा ऐकलेलं आहे, तेही अंथरुणात. सहाच्या आधी रेडिओ लावला की बातम्यांच्याही अगोदर काय वाजायचं? तंबोऱ्यावर व्हायोलिनची ती धून. आकाशवाणीची संकेतधून. तिच्या कर्तृत्वावर वाद झाले, पण बहुतेक जाणकार वॉल्टर कॉफमन यांचं नाव घेतात, आणि व्हायोलिन मेहली मेहतांचं, असं सांगतात. कॉफमन १९०७चे, बोहेमियातल्या कार्ल्सबाडचे. ज्यू. हिटलर सत्तेवर आल्यानंतर १९३४ साली ते मुंबईला आले आणि पुढे मुंबई आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळू लागले. आल्या आल्या त्यांनी 'बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी' काढली, तिच्या मैफली होऊ लागल्या. झुबीन मेहतांचे वडील मेहली मेहता यांनी १९४०मध्ये 'बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट' स्थापन केलं. म्हणजे आपल्या गावात ग्रामपंचायतीसमोर जी धून वाजायची, ती या अशा खोल्यांमधून आलेली होती. निर्वासित माणसाने आपल्या घरचं वाद्य घेतलं आणि आपल्या तंबोऱ्याच्या शेजारी ठेवलं. आमची आई या धुनेला "रेडिओचा काकडा" म्हणायची. आम्हाला ते वर्णन अजून अचूक वाटतं.

कॉफमन १९४६मध्ये मुंबई सोडून गेले आणि पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांनी मुंबईत लिहिलेलं चौकडीचं संगीत मागे पडलं. २०२०मध्ये टोरांटोच्या 'एआरसी आँसाम्बल' या वादकसमूहाने त्यातल्या काही रचनांची तबकडी काढली. मुंबईत जन्मलेलं संगीत ऐकायला कॅनडातल्या वादकांची वाट पाहावी लागली, आणि या हॉलमधल्या किती जणांना ती आलेली ठाऊक आहे? असो. सांगायचा मुद्दा, असं संगीत प्रत्यक्ष ऐकायचं म्हटलं तर परभणीच्या माणसाने देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून नरिमन पॉइंटला जायचं, आणि तिथे त्या आठवड्यात ते वाजत असेल अशी आशा धरायची. या लेकराने ती वाट सोडली आणि संगणक घेतला. ही गोष्ट निकाल देताना आमच्या लक्षातच आली नव्हती.

आता यंत्राकडे येऊ. याला 'सॅम्पल लायब्ररी' म्हणतात. वादकाला एका स्टुडिओत बसवतात आणि एक एक सूर वाजवून घेतात. षड्ज हळू, मध्यम, जोरात. लांब गज, तोकडा गज, बोटाने छेडलेली तार. कंप देऊन, कंपाशिवाय. मग पुढचा सूर. दिवसच्या दिवस हेच. व्हिएन्नातली अशी एक नामांकित कंपनी हर्ब टुकमांडल या चेलोवादकानेच सुरू केली आणि फक्त सुटे सूर ध्वनिमुद्रित करण्यासाठी एक वेगळी शांत जागा बांधली. लंडनच्या एका कंपनीचा 'चेंबर स्ट्रिंग्ज' नावाचा संच एका जुन्या चर्चमधल्या स्टुडिओत मुद्रित झाला. त्या स्टुडिओचं नाव 'एअर'! आपल्या ऑल इंडिया रेडिओच्या आद्याक्षरांशी जुळतं म्हणून आम्हाला उगाच गंमत वाटली. त्या संचात १६ वादक आहेत, पहिल्या व्हायोलिनलाच चार. म्हणजे नाव 'चेंबर' असलं तरी चौकडीला तो चालत नाही. एका पट्टीवर बोट ठेवलं की चार माणसं वाजतात. आमच्या मित्राने सुरुवात केली ती फुकट मिळणाऱ्या एका मोठ्या ऑर्केस्ट्राच्या संचावर, तिथे तर एका पट्टीमागे अख्खा ताफा. नंतर दोन लग्नसराईंचे पैसे साठवून त्याने सुट्या वाद्यांचा संच घेतला.

तर हे हजारो सूर संगणकात पडलेले असतात. पट्टी दाबली की योग्य तो उठतो. यावर आपल्या जुन्या मंडळींनी काय म्हटलं असतं याचा आम्ही बराच विचार केला, कारण हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. मीमांसक म्हणतात, वर्ण नित्य आहे. उच्चार त्याला निर्माण करत नाही, फक्त प्रकट करतो. पुरावा काय? काल ऐकलेला 'ग' आज पुन्हा ऐकला की आपण म्हणतो, "तोच हा गकार." नैयायिक हे मानत नाहीत. त्यांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण. तो जन्मतो, क्षणभर असतो, नाहीसा होतो, आणि पाण्यावरच्या लाटेसारखा मागे दुसऱ्याला जन्म देऊन जातो. 'तोच' असं तुम्ही म्हणता, ते जात एक असल्यामुळे. केस कापले, पुन्हा उगवले, आपण म्हणतो तेच केस. ते तेच असतात का?

सॅम्पल लायब्ररी ही शुद्ध मीमांसक आहे. तिच्यात गांधार नित्य आहे. तो डिस्कवर निजलेला असतो, पट्टी त्याला फक्त जागवते. पाच वेळा दाबा, पाचही वेळा अक्षरशः तोच हा गांधार! आणि कान लगेच ओळखतो, कारण आपला कान नैयायिक आहे. एकच सूर भरभर आला की मशिनगन झाडल्यासारखं होतं. म्हणून या कंपन्यांनी एक युक्ती काढली. एकच सूर चार-पाच वेळा वाजवून ठेवायचा आणि आळीपाळीने द्यायचा. नित्य शब्दाच्या घरात क्षणिक शब्दाला मागल्या दाराने घेतलं, असं आम्ही याला म्हणतो. गौतम मुनींना मौज वाटली असती.

हं, आता त्याचं काम. हायडनची ही चौकडी १७९७ची, ओपस ७६ मधली तिसरी. हिच्या दुसऱ्या भागात हायडनने स्वतःच रचलेली एक साधी चाल घेतली आहे, जी आज जर्मनीच्या राष्ट्रगीताची चाल म्हणून जग ओळखतं. रचना फार सुंदर आहे. चाल जवळपास बदलतच नाही. आधी पहिलं व्हायोलिन ती म्हणतं. मग चार आवर्तनं. पहिल्यात चाल दुसऱ्या व्हायोलिनकडे, दुसऱ्यात चेलोकडे, तिसऱ्यात व्हियोलाकडे, चौथ्यात परत पहिल्या व्हायोलिनकडे. वारकऱ्यांच्या दिंडीत वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, तसं. ज्याच्याकडे चाल नाही त्याचं काम एकच, ज्याच्याकडे आहे त्याला वाट करून द्यायची.

लाव रे ते पहिलं. पुसलेल्या फाइलची एक प्रत मित्राच्या मोबाइलमध्ये निघाली, म्हणून आज ऐकवता येतंय.

(येथे ध्वनिमुद्रण ऐकवले. सुमारे चार मिनिटे.)

आवाज कसा वाटला? चांगला आहे ना? चेलो तर फारच. दुसऱ्या आवर्तनात चेलो चाल घेतो तिथे लाकडाचा वास येतो. म्हणजे आम्ही "मेलेलं" म्हणालो त्याचा दोष आवाजाकडे जात नाही. ही आमची पहिली चूक. मंडळी यंत्राला नावं ठेवतात तेव्हा बहुतेक वेळा आवाजाला ठेवतात, आणि आवाज दरवर्षी सुधारतो, मग नावं ठेवणाऱ्याला दरवर्षी माघार घ्यावी लागते.

आवाजातले दोष आहेत, ते पटकन सांगून टाकू. सूर हळूवरून मोठा होतो तिथे संगणक एक ध्वनिमुद्रण मावळवतो आणि दुसरं उगवतो. त्या संधीवर एक व्हायोलिन क्षणभर दोन होतात. सुरुवातीच्या चालीत असं तीन ठिकाणी होतं. दुसरं, कंप प्रत्येक सुराला पहिल्या क्षणापासून आहे. खरा वादक सूर लावतो, ऐकतो आणि मग हलवतो. तिसरा दोष जरा खोल आहे. या भागाचा षड्ज आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी पाच. लायब्ररीतला गांधार पेटीसारखाच बांधलेला आहे, षड्जापासून ४०० सेंटवर. तंबोरा नीट लागला की त्यातून आपोआप जो गांधार ऐकू येतो तो ३८६ सेंटवर असतो. चौदा सेंटांचा फरक. चौघं खरे वादक चौथ्या आवर्तनात मिळून सूर लावतात तेव्हा गांधारवाला नकळत खाली सरकतो, कारण बाकी तिघं त्याला ओढून घेतात. इथे तो सरकत नाही. तिघं आहेत, पण ते त्याला ओढत नाहीत.

हे लक्षात आलं आणि आम्हाला खरी जागा सापडली. आम्ही त्याला विचारलं, "तू हे वाजवलंस कोणत्या क्रमाने?" तो म्हणाला, "सर, मेट्रोनोम लावून आधी पहिलं व्हायोलिन पूर्ण, मग दुसरं पूर्ण, मग व्हियोला, शेवटी चेलो." म्हणजे काय झालं बघा. दुसऱ्या व्हायोलिनने पहिल्याला ऐकलं. व्हियोलाने दोघांना. चेलोने तिघांना. पण पहिल्या व्हायोलिनने कुणालाच ऐकलं नाही! ते वाजत होतं तेव्हा खोलीत फक्त मेट्रोनोमची टिकटिक होती. ऐकणं एकाच दिशेने वाहिलं, नंतरच्याकडून आधीच्याकडे. परत कधीच नाही.

पहिल्या आवर्तनात याचा घात स्पष्ट होतो. तिथे फक्त दोघंच वाजवतात. चाल दुसऱ्याकडे आणि पहिलं व्हायोलिन तिच्याभोवती बारीक नक्षी काढतं. नक्षीने चालीमागे जायचं. या मुलाने नक्षी आधी भरली आणि चाल नंतर तिच्यावर बसवली. भिंत रांगोळीच्या मापाने बांधली. ऐकताना आम्हाला जे "मेलेलं" वाटलं ते इथे वाटलं होतं. मूल्यमापन बरोबर होतं, निदान चुकीचं. निदान चुकलं म्हणून रोगी आठ महिने अंथरुणाला खिळला.

इथे पेटीची आठवण काढायला हवी. आकाशवाणीने १९४०मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, ती जवळपास तीस वर्षं टिकली. आक्षेप खोटे नव्हते. पेटीत मींड नाही, तिचा गांधार ठोकळ्यासारखा. पण त्याच काळात आणि नंतर आपल्या मराठवाड्यातल्या जालन्याच्या अप्पा जळगावकरांनी मोठमोठ्या गायकांना साथ केली, आणि ऐकणाऱ्याला पेटीत मींड नाही हे आठवायचंसुद्धा नाही. पट्टीत मींड नव्हतीच. अप्पा गायकाच्या मागे ज्या अंतरावर असायचे, त्या अंतरात ती होती. गायकाने सूर कुठे नेला हे त्यांना आधी ऐकू यायचं आणि मग बोट पडायचं. बंदी घालणाऱ्यांनी वाद्य तपासलं, वाजवणाऱ्याचा कान तपासला नाही. आम्हीही तेच केलं.

मात्र एका ठिकाणी बंदीवाल्यांचा मुद्दा उरतो, तो झाकू नये. त्याने आकाशवाणीची ती धूनही संगणकावर केली आहे. सोपी वाटते ना? एक व्हायोलिन आणि तंबोरा. तीच सगळ्यात पडली. खालचा तंबोरा इलेक्ट्रॉनिक आहे, त्याबद्दल कुणाला काही वाटणार नाही. तो तर आपण मैफलीतसुद्धा कधीच पचवला, मिरजेच्या कारागिरांना विचारा काय वाटतं ते. व्हायोलिन मात्र एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना सगळीकडे सारखंच घसरतं, कारण ती घसरण व्हिएन्नात किंवा लंडनमध्ये एकदाच मुद्रित झाली आहे. द. का. दातारांचं व्हायोलिन आठवा. पुढचा सूर कोणता, तो विसाव्याचा की वाटेतला, यावर निघतानाच त्यांचा गज बदलायचा. ध्वनिमुद्रणाला बसलेल्या त्या परदेशी वादकाने गज ओढला तेव्हा पुढचा सूर नव्हताच. त्याला कुठे जायचं हेच कुणी सांगितलं नव्हतं. यावर फेऱ्या मारून उपाय होत नाही. ती धून त्याने सोडून द्यावी असं आमचं मत आहे, आणि त्यालाही ते पटलंय.

आता एक अवघड गोष्ट. मुंबईच्या सिनेमाच्या स्टुडिओत एके काळी गज ओढणाऱ्यांची दाटी असायची, त्यांत गोव्याचे पुष्कळ. शंकर-जयकिशनांसाठी ही तंतुवाद्यं बांधणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे, प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विसही गोव्याचे. सिंथेसायझर आले आणि ती दाटी विरळ होत गेली. हे आम्ही त्याच्याशी बोलत होतो, जरा उपदेशाच्या सुरात. तो ऐकून घेत म्हणाला, "सर, मुंबईचं कशाला, माझ्या की-बोर्डात सनई आहे. पूर्वी आमच्याकडे लग्नात वाजवणारे काका होते, ते आता मजुरीला जातात. वरात निघते तेव्हा मी ती पट्टी दाबतो."

आम्ही गप्प बसलो. बराच वेळ.

मग विचार केल्यावर असं वाटलं की या दोन पट्ट्या एक नाहीत. दोन्ही सॅम्पलच, तंत्रात तसूभर फरक नाही. पण सनईच्या पट्टीखाली एक माणूस होता, इथलाच, चालत येईल इतका जवळचा. चौकडीच्या पट्टीखाली परभणीत कुणी नव्हतं. एक पट्टी असलेल्याला घालवते, दुसरी नसलेल्याला आणते. नुसता आवाज ऐकून हा फरक कळणार नाही. कुठे, कुणाच्या जागी वाजतंय ते बघावं लागतं. समीक्षकाने एवढं तरी उठून बघायला हवं. आम्ही खुर्चीतून उठलो नव्हतो.

आठ महिन्यांनी त्याने पुन्हा सुरुवात केली ती क्रम उलटून. मेट्रोनोम काढला. प्रत्येक आवर्तनात ज्याच्याकडे चाल, ते वाद्य आधी भरलं, मग बाकीची तीन. इथवर सोपं. मग त्याने चाल पुसली आणि त्या तिघांना ऐकत पुन्हा वाजवली. मग दुसरं पुसून पुन्हा. मग तिसरं. अशा फेऱ्या. चार मिनिटांच्या संगीताला अडीच महिने लागले. तो म्हणाला, "पहिल्या फेरीत मी एकटाच असतो सर, चौथ्या फेरीला आम्ही चौघं होतो." वाक्य चांगलं आहे. पण आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, वाक्य चांगलं असलं की जास्त संशय येतो. ते चौघं म्हणजे कोण? चारही तोच. व्हियोलाला चेलोचा कधी धक्का बसत नाही, कारण चेलो काय करणार हे व्हियोलाला कालपासून माहीत आहे. ओळीच्या शेवटी एकाला थांबावंसं वाटतंय आणि दुसऱ्याला पुढे जायचंय, असं घडतच नाही. ती नवी फाइल आम्ही ऐकली तेव्हा "मेलेलं" हा शब्द अजिबात आला नाही. आला तो "एकमत". त्यात एकमत फार होतं.

हे आम्ही त्याला सांगितलं, या वेळी जपून, जागा दाखवून: तालाची जागा अमुक, ओळीचा शेवट तमुक. तो नाराज झाला नाही. उलट हसला. चार दिवसांनी फोन केला की इथलेच एक व्हायोलिनचे मास्तर आहेत, हिंदुस्थानी वाजवतात, भजनाला साथ करतात, त्यांना विचारू का? त्यांना पाश्चात्त्य लिपी वाचता येत नाही. याने पहिल्या आवर्तनातल्या दुसऱ्या व्हायोलिनचा भाग सरगममध्ये लिहून दिला. सा पांढरी पाच धरून. मास्तर मांडी घालून बसले, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवलं, कानाला हेडफोन लावला आणि म्हणाले, "तुझं हे नक्षीवालं फार घाई करतंय." याने नक्षी पुन्हा भरली. ते म्हणाले, "आता मागे पडतंय." पुन्हा भरली. तिसऱ्या ओळीच्या शेवटी मास्तर थांबतात. कागदावर तिथे थांबायचं लिहिलेलं नाही. याने सांगितलं, "मास्तर, इथे थांबायचं नसतं." ते म्हणाले, "मग चाल तुझी तू म्हण."

यावर त्यांचं भांडण झालं. मिटलेलं नाही. त्या दिवशीचं ध्वनिमुद्रण तसंच ठेवलंय, थांबलेलं. मास्तरांनी दोन ठिकाणी मींड घेतली आहे, हायडनला ती चालली असती की नाही यावर आमचं आणि यांचं अजून जुळलेलं नाही. गांधार मात्र तंबोऱ्याचा आहे, खाली आलेला, आणि संगणकाचं व्हायोलिन त्याच्याशी किंचित भांडतंय. ते लपवलेलं नाही.

दुसरं व्हायोलिन डाव्या स्पीकरमधून येईल, पुढच्या लोकांनी जरा त्या बाजूला कान करा. पंखे बंद करा दोन मिनिटं. हं, लाव.

(येथे ध्वनिमुद्रण ऐकवले.)